पसंतीवर दिलेली पुस्तकं

जून लागला की रायपूरच्या चौबे कॉलोनीतले शेजारी माझ्या दारात उभे राहतात. कुणाला आठवीचं गणित हवं असतं, कुणाला सहावीचा पूर्ण संच. मी नाही म्हणतो. मग ते बैठकीत रचलेल्या खोक्यांकडे बघतात, एवढी पुस्तकं असून हा माणूस एक काढून देत नाही, अशा चेहऱ्याने चहा पितात आणि जातात. पंचवीस वर्षं झाली, मी काय विकतो ते त्यांना कळलेलं नाही. बायकोला मात्र पहिल्या वर्षीच कळलं. ती म्हणते, "घरात पुस्तकंच पुस्तकं अन् वाचाले एक नाही, असा माणूस माह्या बापानं नेमका शोधून काढला."

मी विद्वानांनी लिहिलेली पुस्तकं विकतो. इतिहास, समाजशास्त्र, भूगर्भशास्त्र, सूक्ष्मजीव, भाषाविज्ञान, त्या वर्षी जे नवीन छापून आलं असेल ते सगळं. एक विद्वान दहा वर्षं घालवून असं एक पुस्तक लिहितो. प्रकाशक त्याच्या इतक्या थोड्या प्रती काढतो की आमच्या रायपुरात साध्या बारशालाही त्याहून जास्त पत्रिका छापतात. प्रती थोड्या, म्हणून किंमत जास्त. किंमत जास्त, म्हणून एकटा माणूस घेत नाही. एकटा माणूस घेत नाही, म्हणून पुढच्या वर्षी किंमत आणखी जास्त. हे अर्थशास्त्र समजावून सांगणारं पुस्तकही माझ्याकडे आहे. तेही कुणी घेत नाही.

राहिली गिऱ्हाइकं म्हणजे रायपूर, दुर्ग, बिलासपूरकडची कॉलेजं. कॉलेजात पुस्तक ग्रंथालय घेतं, पण कोणतं घ्यायचं ते प्राध्यापक सांगतात. न वाचता पुस्तक पारखण्याची त्यांची हातोटी मी जवळून पाहिली आहे. एक समाजशास्त्राचे विभागप्रमुख पुस्तक हातात घेतलं की सरळ शेवटी जात. तिथे नामसूची असते, म्हणजे पुस्तकात कुणाकुणाचा उल्लेख कुठल्या पानावर आहे त्याची यादी. त्या यादीत ते स्वतःचं आडनाव शोधत. सापडलं नाही की पुस्तक मिटून म्हणत, "किताब थोड़ी कमज़ोर है।" त्यांच्या मते जगातली बहुतेक समाजशास्त्राची पुस्तकं कमजोर होती. एकदा त्यांच्याच आडनावाचा दुसरा कुणी माणूस एका यादीत निघाला. त्या दिवशी त्यांनी दोन प्रती घ्यायला लावल्या.

रसायनशास्त्राच्या एका सरांना फक्त नवीन पुस्तक चालायचं. मी ताजं पुस्तक दाखवलं की ते विचारत, "इससे नया?" दिवाळीनंतर येणाऱ्या पुस्तकांवर काही प्रकाशक पुढच्या वर्षाचं साल छापतात. नवीन वर्ष उजाडेपर्यंत पुस्तक जुनं दिसू नये, एवढाच हेतू. मी त्यांना नोव्हेंबरात असं पुस्तक दाखवलं. अजून न आलेल्या वर्षाचं पुस्तक हातात धरून त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं, तसं मी देवळातही पाहिलं नाही. पुढे ते दरवर्षी नोव्हेंबरातच खरेदी करत.

आता आमच्या धंद्याचा एक रिवाज सांगतो, कारण पुढची हकीकत त्याच्यावरच उभी आहे. महाग पुस्तक न बघता कुणी घेत नाही. म्हणून आम्ही पुस्तकं कॉलेजात नेऊन ठेवतो. आठवडा-दोन आठवडे ती तिथे राहतात. प्राध्यापक बघतात, निवडतात. निवडलेली राहतात, बाकीची परत येतात. याला आम्ही 'पसंतीवर देणं' म्हणतो. साडीच्या दुकानातून चार साड्या घरी दाखवायला नेतात तसंच. फरक एवढाच की साडी आणल्यावर घरातलं कुणीतरी ती उलगडून तरी बघतं.

आणि दुसरं, गुप्त पान. पुस्तक विकत घेतलं की ग्रंथालय त्याच्या पहिल्या पानावर ठप्पा मारतं, शेवटच्या पानावर मारतं, आणि मध्ये कुठल्यातरी एका ठरलेल्या पानावर मारतं. त्याच पानावर पुस्तकाचा नोंदणीचा नंबरही घालतात. हे मधलं पान प्रत्येक ग्रंथालयाचं वेगळं असतं आणि ते बाहेर कुणाला सांगायचं नसतं. चोराने पहिलं पान फाडलं तरी आतला ठप्पा बोलतो, अशी ही योजना. प्रत्यक्षात चोराला सोडून कुणालाच ते पान माहीत नसतं. एका जुन्या कॉलेजातली परीक्षेची गाइडं होस्टेलवर पिढ्यान्‌पिढ्या फिरत असत आणि त्या सगळ्यांतलं सदतिसावं पान फाडलेलं असे. त्या कॉलेजातून बाहेर पडलेल्या हजारो पदवीधरांना कुठल्याही विषयातलं सदतिसाव्या पानावरचं ज्ञान नाही. ते आज मोठमोठ्या जागांवर आहेत आणि त्यांचं काही अडलेलं दिसत नाही.

ठप्पा लागला की पुस्तक कॉलेजचं झालं. ते आम्ही परत घेत नाही, प्रकाशक आमच्याकडून परत घेत नाही, दुसरं कॉलेज तर हातही लावत नाही. कुंकू लागल्यासारखंच ते.

सिलतऱ्याच्या रस्त्याला एक कॉलेज आहे. नाव सांगत नाही, कारण तशी तिथे बरीच आहेत आणि प्रत्येकाला ते आपलंच वाटेल. इमारत काचेची. कारखान्यांची काळी धूळ काचेवर बसते, म्हणून काचा पुसायला तीन माणसं कायमची नेमलेली आहेत. ग्रंथालयाला एकच माणूस, मेश्राम मॅडम. गोंदियाकडच्या. वडील रेल्वेत होते. कॉलेज सुरू झालं त्या दिवसापासून त्या तिथे ग्रंथपाल होत्या आणि मी सांगतोय ते त्यांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं.

दरवर्षी मी त्यांना नवीन पुस्तकांची यादी नेऊन देत असे. त्या पेन्सिलीने खुणा करत. सगळ्या विषयांच्या, विचार करून. ती यादी प्राचार्यांच्या टेबलावर जायची आणि महिन्याभराने चहाच्या कपाचे गोल घेऊन परत यायची. मंजुरी फक्त गाइडांना मिळे. मॅडम ती गाइडं आपल्या खुर्चीमागच्या कपाटात कुलपात ठेवत आणि ओळखपत्र ठेवून घेतल्याशिवाय हातात देत नसत. एकदा मला म्हणाल्या, "भाऊ, नोकरीत मी दुसरं काई नाही केलं. पण चार्ज देईन तेव्हा एकबी पुस्तक कमी नाही निघणार. पाहून घ्या तुम्ही."

ही साधी गोष्ट नाही. ग्रंथपाल निवृत्त होताना एकेक पुस्तक मोजून पुढच्या माणसाच्या ताब्यात द्यावं लागतं. कमी निघालं तर ते त्याच्या नावावर, आणि कागदपत्रांवर तसा शेरा. दुसऱ्या नोकऱ्यांत निष्कलंक सेवा म्हणजे काय ते मोघम असतं. ग्रंथपालाची निष्कलंक सेवा कपाटात उभी असते, कुणीही येऊन मोजावी. मॅडमना तेवढंच हवं होतं.

त्या हिवाळ्यात प्राचार्यांचा मला फोन आला. त्याआधी त्यांनी कधी फोन केला नव्हता.

"बोरकरजी, कमेटी आ रही है। नया माल चाहिए। सब विषय का।"

"यादी भेजूँ सर?"

"यादी कौन देखेगा? किताब भेजिए। चार अलमारी भरनी चाहिए।"

"पसंतीवर देतो सर. म्हणजे बघा, निवडा, बाकीची परत करा."

"हाँ हाँ," ते म्हणाले, "हमको सब पसंद है।"

कॉलेजाला दर्जा देणारी समिती येणार होती. असल्या वेळी काय होतं ते मला ठाऊक होतं. पण पुस्तकं पसंतीवर मागितली की नाही म्हणायचं नसतं. प्राचार्यांचा हेतू तपासायची सोय आमच्या पावतीवर नाही. मी गाडी भरून सव्वादोनशे पुस्तकं नेली. मॅडमनी प्रत्येक खोकं उघडण्याआधी पदराला हात पुसले. मग एकेक पुस्तक काढून मागचा मजकूर वाचायला लागल्या. अर्ध्याहून जास्त पुस्तकं अशी होती, ज्यांच्यावर त्यांनी कधी ना कधी पेन्सिलीची खूण केली होती.

"हे परत जातीन का भाऊ?"

"निवडतील ती राहतील ना."

"म्हणजे जातीन," त्या म्हणाल्या आणि पुढचं खोकं उघडलं.

समितीच्या आदल्या दिवशी प्राचार्यांचा पुन्हा फोन. समिती पालकांशीही बोलणार होती आणि पालक कमी पडत होते. मी पालक म्हणून बसावं, अशी त्यांची सूचना होती.

"सर, माझा मुलगा तुमच्या कॉलेजात नाही."

"तो क्या हुआ? बेटा तो है न?"

मी त्यांना नम्रपणे नकार दिला. पण पुस्तकं माझी होती, त्यामुळे सकाळीच जाऊन ग्रंथालयाच्या कोपऱ्यात बसलो. तिथे वाचक आधीच आलेले होते. बी.कॉम. दुसऱ्या वर्षाची पोरं-पोरी, धुतलेल्या गणवेशात, प्रत्येकाची खुर्ची ठरलेली, समोर माझं एकेक पुस्तक. एक तरुण प्राध्यापक त्यांना शेवटच्या सूचना देत होता: "पन्ना पलटते रहना। ऊपर नहीं देखना। और एक साथ मत पलटना, पिछली बार सबने एक साथ पलटा था।"

समिती आली. तीन माणसं, त्यांत एक पांढऱ्या केसांच्या, पायात बूट घातलेल्या इतिहासाच्या प्राध्यापिका. प्राचार्य पुढे चालत हात फिरवून दाखवत होते, जसं कुणी स्वतःची शेती दाखवावी. "हमारे यहाँ छात्र किताबें घर भी ले जाते हैं," हेही त्यांनी सांगितलं. बाई एका पोरापाशी थांबल्या.

"क्या पढ़ रहे हो बेटा?"

तो ताडकन उभा राहिला. "मैडम, चौबीस नंबर कुर्सी।"

बाई हसल्या नाहीत. त्या कपाटापाशी गेल्या, एक पुस्तक ओढून काढलं आणि मेश्राम मॅडमना हळूच विचारलं, "आपका सीक्रेट पेज कौन सा है?"

मी खुर्चीत सावरून बसलो. ज्या कॉलेजांची पुस्तकं उसनी असतात, त्यांचं बिंग इथेच फुटतं. आतलं पान कोरं असतं. ही युक्ती समितीतल्या जुन्या लोकांनाच माहीत असते. मॅडमनी त्यांच्या कानात आकडा सांगितला. बाईंनी पान उघडलं. ठप्पा होता. खाली निळ्या शाईत सुवाच्य नंबर. बाईंनी दुसरं पुस्तक काढलं, वनस्पतिशास्त्राचं. ठप्पा. तिसरं अर्थशास्त्राचं, चौथं भाषाविज्ञानाचं. सगळीकडे ठप्पा.

"पिछले कॉलेज में आधी किताबें कोरी थीं," बाई समितीच्या अध्यक्षांना म्हणाल्या. "यहाँ काम हुआ है।"

प्राचार्यांचा चेहरा उजळला. माझा उतरला. त्या खोलीत काय घडलं आहे ते दोघांनाच कळलं होतं, मॅडमना आणि मला. प्राचार्यांना आपलं कौतुक झालं एवढंच कळलं होतं.

समिती जेवायला गेल्यावर मी मॅडमच्या टेबलाशी गेलो. "मॅडम, हे काय करून ठेवलं जी?"

"मी त्याईले विचारलं ना भाऊ. म्हटलं, सर, इन किताबों का क्या करना है? तर म्हणाले, लाइब्रेरी की लगनी चाहिए, असली लगनी चाहिए. म्हटलं, ठप्पा, नंबर? तर म्हणाले, जो-जो करते हैं सब कीजिए, हर चीज़ मुझसे पूछेंगी क्या?" मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मंग मी जे-जे करतो ते सगळं केलं."

"सगळ्या सव्वादोनशेवर?"

"सगळंच म्हणाले ना ते."

चूक कुणाची, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. प्राचार्यांना ठप्पा हा दारावरच्या तोरणासारखा वाटला होता. समिती येते, तोरण लावा. समिती गेली, काढा. आयुष्य कॉलेजात गेलेला हा गृहस्थ, पण पुस्तकावरचा ठप्पा उतरत नाही, हे त्यांना कळायला कधी कारणच पडलं नव्हतं. आणि मॅडमना सगळं कळत होतं की नाही, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांनी मला 'सगळंच म्हणाले' हेच सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. टेबलावर मिठाईचा डबा होता, समितीचा रंग चांगला दिसला होता. "बोरकरजी, अपना माल उठा लीजिए।"

मी सांगितलं की ठप्पा मारलेलं पुस्तक परत होत नाही. आता ती तुमची.

"रबर से मिटा दीजिए।"

"रबराने ठप्पा जात नाही सर."

"तो सफेदी लगा दीजिए। आजकल सब मिलता है।"

"अन् प्रकाशकाला काय सांगू? पुस्तकाला पांढरं कोड झालं म्हणून?"

तेव्हा त्यांनी मॅडमना बोलावलं. मॅडम दाराजवळ उभ्या राहिल्या. त्यांना बसा म्हणायची त्या खोलीत पद्धत नव्हती. प्राचार्यांनी विचारलं, पुस्तकं ग्रंथालयातून रद्द करता येतात का? मॅडम म्हणाल्या, येतात, पण कारण लागतं. फाटलं, जुनं झालं, वाळवी लागली. "इनमें से क्या लिखूँ सर? कमेटी ने कल ही देखी हैं।"

प्राचार्यांनी मॅडमना बाहेर पाठवलं. मिठाईचा डबा माझ्याकडे सरकवला. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

"देखिए," ते म्हणाले, "आप एक चिट्ठी लिख दीजिए। कि लाइब्रेरियन ने बिना पूछे, अपनी मर्ज़ी से ठप्पा मारा, आपका नुकसान हुआ। बाकी मैं देख लूँगा। अगले साल की पूरी खरीदी आपसे।"

म्हणजे खुलासा मागायचा, चौकशी बसवायची, तिचा निकाल मॅडमच्या निवृत्तीनंतर कधीतरी लावायचा, आणि पुस्तकांचा भार त्यांच्या माथी. मी नाही म्हटलं. यात काही शौर्य नव्हतं. मी फक्त डोक्यात ताळा करून पाहिला. ज्या माणसाने इतक्या वर्षांत एक नवीन पुस्तक घेतलं नाही, त्याच्या पुढच्या वर्षाच्या 'पूर्ण खरेदी'ची किंमत मला काढता येत होती. बायकोने नंतर विचारलं, "अन् खरंच घेणार असता, तर?" मी म्हटलं, तरी नाही. तिने आणखी एक पोळी वाढली.

माझा नकार ऐकून प्राचार्यांना आणखी एक उपाय सुचला. ठप्प्याची पानं ब्लेडने कापायची. पहिलं, शेवटचं आणि मधलं. मग पुस्तक कॉलेजचं कशावरून? पसंतीवर दिलेलं होतं, परत केलं, मामला संपला. "कल सुबह लड़कों को बैठाता हूँ।" पहिल्या पानावर पुस्तकाचं नाव आणि लेखकाचं नाव असतं, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. ते म्हणाले, "तो जिल्द पर भी तो लिखा है।" या माणसाशी वाद घालायला मला तर्कशास्त्राचं पुस्तक लागलं असतं, आणि ते त्यांच्याच कपाटात होतं.

जाताना मी मॅडमना ब्लेडची गोष्ट सांगितली. त्यांनी टेबलावरचा कागद उगाच दोनदा सरळ केला.

सकाळी मी गेलो तेव्हा प्राचार्य ग्रंथालयात उभे होते, मागे ब्लेड घेतलेली चार पोरं, आणि समोर चार रिकामी कपाटं.

"किताबें कहाँ हैं?"

"इश्यू हो गईं सर," मॅडम म्हणाल्या.

"किसको?"

"छात्रों को।"

आदल्या दुपारी मॅडमनी त्या खुर्च्यांवरच्या वाचकांना निरोप पाठवून बोलावलं होतं. प्रत्येकाच्या कार्डावर दोन पुस्तकं. त्यांनी मित्रांना आणलं, मित्रांनी बहिणींना. कुणाला कोणतं पुस्तक मिळालं याला काही धरबंध नव्हता. हिशेबशास्त्राच्या पोराकडे मुंग्यांवरचा ग्रंथ गेला. पण नियमाप्रमाणे गेला, कार्डावर नोंद होऊन, सही घेऊन.

"वापस मँगवाइए।"

"चौदह दिन का इश्यू है सर। कमेटी को आपने ही बताया था न, हमारे यहाँ बच्चे किताब घर ले जाते हैं।"

ब्लेड घेतलेल्या पोरांपैकी एकाने पाठीवरची पिशवी मागे ढकलली, बहुतेक त्याच्याकडेही एक पुस्तक होतं. "तू भी ले गया?" प्राचार्यांनी विचारलं. तो म्हणाला, "हव सर।"

चौदा दिवसांत बऱ्याच गोष्टी होतात. समितीने ग्रंथालयाबद्दल चांगलं लिहिलं. ते संस्थापकांनी वाचलं. त्यांचा मूळ धंदा सळयांचा. मालाची तारीफ झाली की तो माल ठेवायचा, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी माझं बिल मंजूर केलं आणि कपाटांसमोर उभं राहून फोटो काढून घेतला. कपाटं तेव्हा रिकामीच होती. फोटोत ती त्यांच्या मागे झाकली गेली.

मग पुस्तकं परत यायला लागली. कुणाला वाटेल, पोरांनी ती रात्रंदिवस वाचली आणि त्यांची आयुष्यं बदलली. तसं काही झालं नाही. बहुतेक जशी गेली तशीच आली, काहींची तर पानंही चिकटलेली. एका समाजशास्त्राच्या पुस्तकावर हळदीचं बोट होतं, म्हणजे तो विषय निदान स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला. मुंग्यांवरच्या पुस्तकात एक चिठ्ठी निघाली, ती मुंग्यांबद्दल नव्हती.

त्या कॉलेजाने मला त्यानंतर बोलावलं नाही. यादी पाठवली तर ती चहाचे गोल घेऊनही परत येत नाही. प्राचार्यांना मॅडमना धरायला जागा सापडत नव्हती, म्हणून ते वाट बघत होते. सत्र संपलं. मॅडमचा चार्ज देण्याचा दिवस ठरला. पुस्तकं मोजायला तीन प्राध्यापकांची समिती बसली, आणि त्यांनी एवढ्या कसोशीने मोजलं की त्यांच्या वर्गात तेवढ्या कसोशीने कधी हजेरी झाली नसेल.

एक पुस्तक कमी निघालं.

मला मॅडमचाच फोन आला. कोणतं पुस्तक ते त्यांनी सांगितलं तेव्हा मी दोनदा विचारलं. कारखान्यांच्या धुळीने आसपासच्या माणसांच्या फुप्फुसांचं काय होतं, त्यावरचं. तक्ते, आलेख, बारीक अक्षर. सव्वादोनशेंत याहून कोरडं पुस्तक नव्हतं. एका पोराच्या कार्डावर गेलं होतं, वेळेवर परतही आलं होतं. कपाटात लावायला म्हणून वाचनाच्या टेबलावर ठेवलं आणि तिथून कुणीतरी नेलं. त्या कॉलेजात शेजारच्या उरला या कारखान्यांच्या गावची पोरं बरीच आहेत, सिलतऱ्याचीही. त्यांच्यात कारखान्याच्या भट्टीवर कुणीतरी कामाला जातं अशी घरं मोजण्यापेक्षा, कुणीच जात नाही अशी मोजणं सोपं पडेल.

माझ्याकडे त्याची आणखी एक प्रत होती. अर्थातच होती; ते पुस्तक घेतंय कोण? ती पिशवीत घालून मी ग्रंथालयात मॅडमकडे गेलो. हिशेबाला मी काटेकोर माणूस आहे, पण मॅडमची इतक्या वर्षांची नोकरी एका शेऱ्याने डागाळावी, हे मला कुठल्याच हिशेबात बसत नव्हतं. प्राचार्य यायला वेळ होता. मी प्रत टेबलावर ठेवली.

"मॅडम, ठप्पा मारा, नंबर घाला, कपाटात लावा. कोणाले कळत नाही."

मॅडमनी पुस्तक हातात घेतलं. उघडलं, दोन-चार पानं चाळली, मिटलं आणि माझ्याकडे परत सरकवलं.

"काहून जी?" मी विचारलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "इतके वर्षं एकबी पुस्तक गेलं नाही. मी समजत होती का माही राखण चांगली हाये."

"आहेच ना."

"नाही जी. कोणाले नकोच होतं काही." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "आता एकाले पायजे होतं. इतकं पायजे होतं का त्यानं चोरलं. अन् तुम्ही म्हणता ते भरून टाकू. मंग कागदावर काय राहीन? का मेश्राम बाईच्या काळात कोणीच काही नेलं नाही."

"शेरा बसेल मॅडम. कागद अडकतील काही दिवस."

"अडकू द्या."

प्राचार्य आले. हातात फाइल, चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी मिळालेलं समाधान. त्यांनी उभ्याउभ्याच शेरा लिहिला आणि मोठ्याने वाचून दाखवला: "एक पुस्तक चोरी। ज़िम्मेदार, लाइब्रेरियन।" मग त्यांना वाटलं, मॅडम काही बोलतील, विनंती करतील. मॅडमनी फाइल ओढून घेतली, शेरा नीट वाचला आणि खाली सही केली.

इतक्या वर्षांत मी कितीतरी विद्वानांना स्वतःच्या पुस्तकावर सही करताना पाहिलं आहे. इतक्या समाधानाने केलेली सही दुसरी पाहिली नाही.